व्हिलनव्ह दास्क : तीन गावं, एक शहर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

उत्तर फ्रान्समधल्या लील शहराला खेटून असलेल्या या गावाबद्दल तीन प्रकारचे लोक विचारतात. एक, ज्यांच्या मुलांना तिथल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय असे आईवडील. दोन, मेट्रोचे वेडे. तीन, नकाशात लीलचं स्टेडियम लीलच्या बाहेर बघून चक्रावलेले फुटबॉलप्रेमी. तिघांच्याही प्रश्नांचं मूळ बहुतेक वेळा १९७० सालच्या एका सरकारी आदेशात सापडतं, म्हणून सगळे प्रश्न एकाच ठिकाणी घेतले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिचा क्रमांक दिला आहे.

१. व्हिलनव्ह दास्क हे शहर आहे, उपनगर आहे की लीलचाच एखादा भाग?

कायद्याने ते स्वतंत्र शहर आहे. स्वतःची नगरसभा, स्वतःचा महापौर, स्वतःचं बजेट. व्यवहारात मात्र उपनगर. लीलच्या पूर्वेला, रुबेच्या दक्षिणेला, बेल्जियमची हद्द अगदी जवळ. क्षेत्रफळ साधारण २७ चौरस किलोमीटर, वस्ती ६० हजारांच्या थोडी वर. जिल्हा नॉर, प्रदेश ओ-द-फ्रान्स.

फ्रान्समध्ये स्थानिक कारभाराचं सगळ्यात लहान एकक म्हणजे कोम्यून. शंभर उंबऱ्यांचं खेडं असो की मार्सेसारखं महानगर, दोन्ही कोम्यूनच आणि दोन्हीकडे महापौरच. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका अशी आपल्यासारखी उतरंड तिथे नाही. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचे निम्मे प्रश्न सोपे होतात.

कचरा, पाणी, मेट्रो, बस अशा मोठ्या गोष्टी लील महानगराची संयुक्त संस्था पाहते. तिची सुरुवात १९६६ च्या कायद्याने झाली आणि आज तिच्यात नव्वदहून जास्त कोम्यून आहेत.

२. नावाचा उच्चार कसा करायचा आणि अर्थ काय?

'व्हिलनव्ह दास्क'. शेवटच्या शब्दाचं फ्रेंच स्पेलिंग बघून दचकू नका, उच्चार सरळ 'आस्क' आहे.

'व्हिलनव्ह' म्हणजे नवं गाव. आपल्याकडे जशी ठिकठिकाणी नवेगावं आहेत, तशी फ्रान्समध्ये व्हिलनव्ह नावाची गावं ढिगाने सापडतात. त्यातली बरीच मध्ययुगातली, म्हणजे नावात 'नवं' असलं तरी आठशे वर्षं जुनी. इथलं 'नवं' मात्र खरोखरच नवं, १९७० सालचं. उरलेला 'दास्क' म्हणजे 'आस्कचं'. आस्कच का, ते प्रश्न ६ मध्ये.

३. कोणती गावं एकत्र आली आणि कधी?

अनाप, आस्क आणि फ्लेर. तारीख २५ फेब्रुवारी १९७०. आदेश काढला प्रीफेने, म्हणजे जिल्ह्यातल्या केंद्र सरकारच्या प्रतिनिधीने. आपल्या कलेक्टरच्या जवळ जाणारं हे पद. नव्या गावाचे पहिले महापौर झाँ देमारे. ते १९७७ पर्यंत पदावर होते.

४. पण एकत्र यायची गरज काय होती? तिन्ही गावं सुखाने नांदत होती ना?

नांदत होती, पण त्यांच्या शेतांवर पॅरिसमध्ये कुणीतरी पेन्सिल फिरवली होती.

साठच्या दशकात फ्रान्सची शहरं फुगत चालली होती. युद्धानंतर जन्मलेली पिढी घरं मागत होती, कॉलेजांत जागा मागत होती. लीलच्या विद्यापीठाला जुन्या शहरात हातपाय पसरायला जागा उरली नव्हती. म्हणून विज्ञान विद्याशाखा अनापच्या शिवारात हलवायचं ठरलं आणि इमारती उभ्या राहू लागल्या. त्याच सुमारास सरकारने देशभरात 'नवी शहरं' वसवायचं धोरण घेतलं. एकूण नऊ. पाच पॅरिसभोवती आणि चार बाकीच्या देशात. त्या चारांपैकी एक हे, तेव्हाचं कागदोपत्री नाव 'लील-पूर्व'. १९६९ मध्ये जमीन घेऊन शहर उभारण्यासाठी सरकारी प्राधिकरण नेमलं गेलं. साधारण सिडकोसारखी संस्था म्हटली तर चटकन कळेल.

आता गंमत बघा. नव्या शहराची आखणी तीन गावांच्या हद्दींवर पसरलेली. रस्ता एका गावातून निघून दुसऱ्यात संपणार, शाळा एका हद्दीत आणि तिच्यातली मुलं दुसऱ्या. कर कोण घेणार, दिवे कोण लावणार? पॅरिसभोवतालच्या नव्या शहरांत गावं वेगळीच ठेवली आणि त्यांच्या डोक्यावर एक संयुक्त मंडळ बसवलं. त्यासाठी जुलै १९७० मध्ये खास कायदा झाला. इथे तो कायदा येण्याच्या काही महिने आधीच तिन्ही गावं एक झाली.

माझ्या मते हा शहाणपणाचा निर्णय होता. प्राधिकरणासमोर तीन लहान महापौर तीन दिशांना तोंड करून बसण्यापेक्षा एक नगरसभा बसली, आणि पुढे १९७७ मध्ये त्या एका नगरसभेने प्राधिकरणाला खरोखरच वेसण घातली (प्रश्न १६).

५. म्हणजे आपल्याकडच्या हद्दवाढीसारखंच की!

अर्धंच. हद्दवाढीत मोठं शहर शेजारची गावं पोटात घेतं आणि नाव मोठ्याचंच राहतं. इथे मोठं शहर, म्हणजे लील, बाहेरच राहिलं. सारख्या वजनाच्या शेजाऱ्यांनी मिळून एक नवं घर मांडलं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर हद्दवाढीपेक्षा पिंपरी-चिंचवड बघा. पुण्याला खेटून असलेली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं एकत्र करून तिथली नगरपालिका झाली ४ मार्च १९७० ला, म्हणजे व्हिलनव्ह दास्कनंतर बरोबर सात दिवसांनी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हीकडच्या जुन्या गावकऱ्यांना 'तुम्ही कुठले?' विचारलं तर उत्तर गावाच्या नावानेच येतं.

६. तीन गावं होती तर नावात एकट्या आस्कचा मान का?

आस्क आकाराने मोठं होतं म्हणून नव्हे. १ एप्रिल १९४४ च्या रात्रीमुळे.

दुसऱ्या दिवशी पाम संडे, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार होता. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातल्या 'हिटलरयुगेंड' नावाच्या १२ व्या चिलखती डिव्हिजनचे सैनिक आगगाडीने बेल्जियमकडून येत होते. रात्री पावणेअकराच्या सुमारास आस्क स्टेशनजवळ रुळावर स्फोट झाला. प्रतिकार चळवळीतल्या रेल्वे कामगारांनी सुरुंग लावला होता. डबे घसरले, पण गाडीतलं कुणीही मेलं नाही. तरीही गाडीचा कमांडर वाल्टर हाउक याने गावातले पुरुष घरांतून बाहेर काढायचा हुकूम दिला. माणसं अंथरुणातून उठवून रुळांपाशी नेली आणि गोळ्या घातल्या. काहींना रस्त्यात, दारात मारलं. एका रात्रीत ८६ पुरुष. त्यांत पंधरा वर्षांचा मुलगा होता, म्हातारे होते आणि गावचा पाद्रीही होता. ज्यांनी सुरुंग लावला त्यांतल्या सहा जणांना नंतर पकडून जूनमध्ये मृत्युदंड दिला गेला.

एवढ्याशा गावातून ८६ पुरुष गेले म्हणजे किती घरांत कमावता हात उरला नसेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पुढे २६ वर्षांनी नवं शहर झालं तेव्हा आस्कचं नाव त्याच्या पोटात विरून जाऊ नये म्हणून ते थेट शहराच्या नावात घेतलं. पत्रावर, बसवर, मेट्रोच्या फलकावर रोज ते नाव लिहिलं जातं. नाव ठेवणाऱ्यांना हेच हवं होतं.

गावात त्या रात्रीचं स्मारक-संग्रहालय आहे, रुळांच्या अगदी जवळ. दरवर्षी पाम संडेच्या सुमारास लोक मूकपणे चालत जातात. फक्त विद्यापीठ बघायला आलात तरी दीड तास काढून इथे जा.

७. त्या हत्याकांडातल्या दोषींना शिक्षा झाली का?

झाली आणि झालीही नाही. १९४९ मध्ये लीलच्या लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला. हाउकसह काही जणांना मृत्युदंड सुनावला गेला, पण एकाचीही अंमलबजावणी झाली नाही. शिक्षा सौम्य झाल्या आणि हाउक १९५७ मध्ये सुटला. गैरहजेरीत मृत्युदंड झालेला कार्ल म्युंटर जर्मनीतच राहिला. २०१८ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्याने टीव्हीवर जे काही सांगितलं त्यात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. त्यावरून त्याच्यावर नवा खटला भरला गेला आणि तो उभा राहण्याआधीच २०१९ मध्ये तो मेला.

८. मग अनाप आणि फ्लेर ही नावं पुसलीच गेली?

कोम्यून म्हणून तिन्ही नावं संपली, आस्कसुद्धा. बाकी ठिकाणी ती चांगली जिवंत आहेत.

आगगाडीची स्टेशनं बघा. लीलहून बेल्जियमच्या तुर्नेकडे जाणाऱ्या मार्गावर आजही 'अनाप' आणि 'आस्क' अशीच स्टेशनं आहेत. प्रत्येक जुन्या गावाचं चर्च, त्याच्यासमोरचा चौक, बेकरी आणि युद्धात मेलेल्यांचा स्तंभ हे सगळं तीन-तीनदा आहे. फ्लेरचा सतराव्या शतकातला वाडाही उभा आहे.

सगळ्यात मजेदार खूण मात्र सांख्यिकी खात्याच्या रजिस्टरात आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक कोम्यूनला पाच आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे जिल्ह्याचे, पुढचे तीन जिल्ह्यातल्या गावांच्या वर्णानुक्रमाने. व्हिलनव्ह दास्कचा क्रमांक ५९००९ आहे. नॉर जिल्ह्यात सहाशेहून जास्त कोम्यून आहेत, तेव्हा 'व्ही'ने सुरू होणारं गाव नवव्या क्रमांकावर कसं? कारण तो क्रमांक मुळात अनापचा. नवं गाव झालं तेव्हा तोच पुढे चालू राहिला. नाव आस्कचं घेतलं आणि नंबर अनापचा. फ्लेरवाल्यांना काय मिळालं, असं कुणी विचारलं तर वाड्याकडे बोट दाखवावं.

(टपालाचा पिनकोड वेगळा, ५९६५०. या दोन आकड्यांची गल्लत अर्ज भरताना हमखास होते.)

९. ही गावं किती जुनी?

अनापपुरतं बोलायचं तर बाराशे वर्षांचा कागद आहे. सम्राट शार्लमानच्या काळातली, इसवी सन ८०० च्या आसपासची, राजाच्या खासगी मालमत्तेची एक यादी आज टिकून आहे. तिच्यात 'अस्नापियुम' नावाच्या जहागिरीची झाडाझडती आहे आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते ते म्हणजे हे अनाप. दगडी बांधणीचा राजवाडा, अंगणात लाकडी घरं, तबेला, धान्याची कोठारं, गुरंढोरं. लिहिणारा कारकून इतका चोख की कोंबड्या ८०, हंस-बदकांच्या जातीची पाखरं ३० आणि मोर २२ हेही टिपून ठेवलंय. आपल्याकडचे इनामदारीचे जुने रुमाल चाळलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा वाटेल.

त्याच नावावरून शहरात 'आस्नापियो' हे पुरातत्त्व उद्यान आहे. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतची घरं तिथे जुन्या पद्धतीने बांधून दाखवली आहेत. मुलं बरोबर असतील तर संग्रहालयापेक्षा आधी इथे न्या.

१०. मुलीला 'लील विद्यापीठात' प्रवेश मिळालाय, पण पत्रावर पत्ता व्हिलनव्ह दास्कचा आहे. काही गडबड तर नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. गडबड काही नाही. विद्यापीठाचे दोन मोठे परिसर याच शहरात आहेत. विज्ञान आणि तंत्रज्ञान 'सिते सियाँतिफिक' या परिसरात, म्हणजे जुन्या अनापच्या बाजूला. एकोल सँत्राल ही नावाजलेली अभियांत्रिकी संस्थाही तिथेच. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान वगैरे 'पाँ-द-ब्वा' परिसरात. कायदा आणि वैद्यक मात्र लीलच्या बाजूला आहेत.

पूर्वी ही तीन वेगळी विद्यापीठं होती, लील-१, लील-२ आणि लील-३. १ जानेवारी २०१८ पासून ती एक झाली. जुन्या सीनियरने 'मी लील-१चा' म्हटलं तर तो याच विज्ञान परिसराबद्दल बोलतोय. विलीनीकरण या मातीलाच मानवतं असं दिसतं.

खोली शोधताना दोन्ही गावं शोधात टाका. फक्त 'लील' टाकलंत तर वर्गापासून चालत दहा मिनिटांवरच्या खोल्या यादीत येणारच नाहीत. आणि व्हिसा, बँक, विमा यांच्या अर्जात शहराच्या रकान्यात व्हिलनव्ह दास्क लिहा. आपुलकीने लील लिहू नका. घरभाड्याच्या करारावर एक गाव आणि बँकेच्या कागदावर दुसरं असलं की कारकून कागद परत करतो, मग भाषा येत नसलेल्या मुलाचे आठ दिवस त्यात जातात.

११. दोन परिसर एकमेकांपासून किती लांब? आणि लीलहून कसं जायचं?

मेट्रोची १ नंबरची लाइन धरा. लील-फ्लाँद्र स्टेशनहून पूर्वेकडे निघालात की या शहरातली स्टेशनं ओळीने येतात. पाँ-द-ब्वा, मग नगरसभेचं स्टेशन, त्रियोलो, सिते सियाँतिफिक आणि शेवटचं 'कात्र काँताँ'. म्हणजे दोन परिसरांत तीन स्टेशनांचं अंतर. पॅरिसहून लीलला जलद गाडीने सुमारे तास लागतो.

१२. मेट्रोच्या 'व्हाल' या नावात या गावाचं नाव आहे म्हणतात, खरं का?

मूळात खरं. व्हिलनव्ह, आस्क आणि लील या तीन शब्दांची फ्रेंच आद्याक्षरं घेतली की 'व्हाल' होतं. तंत्र बाहेरच्या शहरांना विकायची वेळ आली तेव्हा त्याच अक्षरांना 'हलकं स्वयंचलित वाहन' असा नवा अर्थ चिकटवला. तैपेईच्या किंवा तोरिनोच्या माणसाने आपल्या मेट्रोला फ्रेंच उपनगराचं नाव का द्यावं, नाही का?

कल्पना इथल्याच विज्ञान विद्याशाखेतल्या रोबेर गाबियार या प्राध्यापकांची, पेटंट १९७१ चं. नव्या शहरापुढची अडचण साधी होती. घरं आणि विद्यापीठ शेतात, नोकऱ्या आणि बाजार लीलमध्ये. मोठी मेट्रो परवडणार नाही, आणि लहान गाडी दर पाच-दहा मिनिटांनी सोडून गर्दी पेलवणार नाही. मग लहान गाडी मिनिटा-मिनिटाला सोडा. पण इतक्या गाड्यांना चालक कुठून आणायचे? तर चालकच नको.

एप्रिल १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि मे महिन्यात पहिला टप्पा लोकांसाठी सुरू झाला. चालकाविना धावणाऱ्या जगातल्या पहिल्या काही मेट्रोंपैकी ही एक. फलाटाच्या कडेला काचेची दारं, जी आज आपल्या नव्या मेट्रो स्टेशनांतही दिसतात, ती इथे तेव्हापासून आहेत.

१३. गाडी एवढी अरुंद आणि आखूड का?

मुद्दाम. मूळ डबा २.०६ मीटर रुंद, म्हणून मॉडेलचं नावच 'व्हाल २०६'. दोन डब्यांची गाडी, लांबी सुमारे २६ मीटर, चाकं रबरी. गाडी लहान म्हणजे बोगदा लहान, स्टेशन लहान, खर्च कमी. वारंवारतेचं गणित वर १२ मध्ये आलंच आहे. गर्दीच्या वेळी आत उभं राहिल्यावर मात्र हे अर्थशास्त्र आठवत नाही.

१४. लीलचा फुटबॉल क्लब लीलमध्ये का खेळत नाही?

कारण तेवढी मोकळी जागा इथे होती. प्येर मोर्वा स्टेडियम १७ ऑगस्ट २०१२ ला उघडलं. पन्नास हजारांच्या आसपास प्रेक्षक, उघडझाप होणारं छप्पर. मैदानाचा अर्धा भाग उचलून उरलेल्या अर्ध्यावर सरकवता येतो आणि त्याखाली बास्केटबॉल, टेनिससाठी बंदिस्त क्रीडागार तयार होतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले बास्केटबॉलचे साखळी सामने आणि हँडबॉलचे अंतिम टप्पे इथेच झाले, म्हणजे पॅरिसपासून दोनशे किलोमीटरवर.

सुरुवातीचं नाव 'ग्रां स्ताद'. २०१३ मध्ये मोर्वा वारले, त्यानंतर त्यांचं नाव दिलं. ते लीलचे अनेक वर्षांचे महापौर आणि १९८१ ते १९८४ फ्रान्सचे पंतप्रधान. स्टेडियम व्हिलनव्ह दास्कचं, क्लब लीलचा आणि नाव लीलच्या महापौराचं. स्थानिकांनी नाक मुरडलं तर समजून घ्या. त्यांच्या स्वतःच्या नावाचा संघ हवा असेल तर महिला बास्केटबॉलकडे वळा. २०१७ मध्ये फ्रान्सचं विजेतेपद त्यांनी घेतलंय.

१५. डिकॅथलॉन कंपनी इथलीच का?

मुख्यालय इथलं. पहिलं दुकान १९७६ मध्ये लीलच्या दुसऱ्या टोकाला, आंग्लोस गावात निघालं. पुणे-मुंबईच्या दुकानांतून घेतलेल्या सॅकच्या किंवा तंबूच्या लेबलवर बारीक अक्षरांत व्हिलनव्ह दास्कचा पत्ता सापडतो. या शहराचं नाव महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत आधीच येऊन पोचलंय, ते असं.

१६. एक लाखाचं शहर होणार होतं म्हणे. मग साठ हजारांवर का अडलं?

आराखडा एक लाखाचाच होता, आणि सुरुवातीचा वेग बघता ते झालंही असतं. १९७५ च्या जनगणनेत ३६ हजारांच्या पुढे असलेली वस्ती १९८२ मध्ये ६० हजारांजवळ गेली. सात वर्षांत एवढी वाढ म्हणजे रोज कुठेतरी क्रेन आणि चिखल. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी झेरार कोद्राँ यांना निवडून दिलं आणि त्यांनी प्राधिकरणाच्या वेगाला विरोध केला. उंच इमारती कमी, हिरवळ जास्त, गावांच्या जुन्या गाभ्यांना हात नको. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला प्राधिकरणाचं काम संपलं आणि 'नवं शहर' हा खास दर्जाही गेला. वस्ती १९९० मध्ये ६५ हजारांवर पोचली आणि नंतर थोडी उतरली.

कोद्राँ २००१ पर्यंत महापौर राहिले आणि २००८ मध्ये परत निवडून आले. एवढ्या वर्षांच्या कारभारावर टीका होणारच, होतेही. पण शहराच्या मधोमध आज तळी आणि बगळे दिसतात त्याचं श्रेय १९७७ च्या त्या नकाराला द्यावंच लागतं.

१७. एवढी तळी नैसर्गिक आहेत का?

नाहीत, खोदलेली आहेत. जमीन सखल, आणि एका दमात एवढं डांबर-काँक्रीट पडल्यावर पावसाचं पाणी जाणार कुठे? जमिनीखाली जाडजूड गटारं घालण्याऐवजी तळ्यांची साखळी केली. पाणी आधी त्यांत साठतं, मग हळूहळू पुढे जातं. सगळ्यात मोठं 'एराँ', म्हणजे बगळ्याचं तळं. आता तिथे खरोखर बगळे असतात आणि आजूबाजूचा भाग राखीव निसर्गक्षेत्र आहे.

तळ्याकाठच्या उद्यानातच 'लाम' हे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. माझ्युरेल दांपत्याने दिलेल्या संग्रहातून ते १९८३ मध्ये उभं राहिलं. पिकासो, ब्राक, मोदिल्यानी, लेजे असे सगळे एका उपनगरात. विटांची बसकी इमारत रोलाँ सिमुने यांची, २०१० मधला पांढरा, जाळीदार नवा भाग मान्युएल गोत्राँ यांचा. या नव्या भागात कुठल्याही कलाशाळेत न शिकलेल्यांची, मनोरुग्णालयांतल्या माणसांची चित्रं आहेत. पिकासो घाईत उरकून इथे वेळ काढा.

१८. शहराचा मध्य कुठे? मला सापडलाच नाही.

तुमचं काही चुकलं नाही. कागदावर मध्य आहे. नगरसभेची इमारत, मेट्रो स्टेशन आणि 'व्ही-दो' हा मोठा मॉल शेजारी शेजारी. पण संध्याकाळी मॉल बंद झाला की तिथे कुणी नुसतं बसायला येत नाही. कॉफी प्यायला, पाव घ्यायला, शेजाऱ्याशी भांडायला लोक आस्कच्या किंवा अनापच्या चर्चपुढे जातात. जुन्या तीन केंद्रांच्या मधल्या शेतात एक चौथं केंद्र आखून बसवलं होतं, ते ऑफिसचं केंद्र झालं.

१९. शेजारच्या एलमचा महापौर आहे, पण एलम लीलमध्ये मोडतं. हे कसं?

हा खरा अपवाद. फ्रान्समध्ये विलीन होण्याचे एकाहून जास्त प्रकार आहेत. व्हिलनव्ह दास्कने पूर्ण विलीनीकरण केलं, जुनी कोम्यून संपली. एलम १९७७ मध्ये आणि लोम २००० मध्ये लीलमध्ये गेली ती 'संलग्न' म्हणून. स्वतःचं नाव, स्वतःची मेरी म्हणजे नगर कचेरी आणि मर्यादित अधिकारांचा महापौर राखून. म्हणून मेट्रोने लीलहून येताना तुम्ही 'मेरी देलम' स्टेशन ओलांडता तेव्हा कायद्याने अजून लीलमध्येच असता, आणि मधलं लेझेन पार केलं की व्हिलनव्ह दास्क लागतं. लेझेन मात्र कुणातच विलीन झालं नाही, ते आजही स्वतंत्र.

२०. आज दोन फ्रेंच गावांना एक व्हायचं असेल तर पद्धत हीच का?

आता २०१० च्या कायद्याने आलेली 'नवी कोम्यून' ही वाट वापरतात. जुन्या गावांना हवं तर उपमहापौर आणि उपकचेरी ठेवता येते, म्हणजे एलमसारखी सोय बऱ्यापैकी सगळ्यांना मिळते. पॅरिसच्या दक्षिणेला एव्री आणि कुर्कुरोन १ जानेवारी २०१९ ला एक झाली. उत्तरेला सँ-दनीमध्ये प्येरफित १ जानेवारी २०२५ ला विलीन झालं. या लाटेमुळे देशातली कोम्यूनची संख्या ३५ हजारांच्या खाली आली. एव्री-कुर्कुरोनने नावात दोघांना जोडून ठेवलं. तीन नावं जोडायची वेळ आली असती तर 'अनाप-आस्क-फ्लेर' टपालखात्याने चालवून घेतलं असतं, पण प्रश्न ६ मधलं कारण त्यात उरलं नसतं.

२१. नातेवाईक 'फ्लेर'ला राहतात. तिकीट कुठलं काढू?

आधी कुठलं फ्लेर ते विचारा. इथल्या गावाचं जुनं पूर्ण नाव 'फ्लेर-ले-लील', म्हणजे लीलजवळचं फ्लेर. नॉर्मंडीत फ्लेर नावाचं वेगळं शहर आहे आणि आगगाडीचं स्टेशन त्याला आहे, म्हणून तिकिटाच्या ॲपमध्ये 'फ्लेर' टाकलं की तेच वर येतं. दुवेजवळ आणखी एक फ्लेर आहे ते निराळंच. तुम्हाला इथल्या फ्लेरला जायचं असेल तर लीलचं तिकीट काढा, उतरून मेट्रोने पाँ-द-ब्वा किंवा नगरसभेचं स्टेशन गाठा आणि तिथून बस घ्या.